शेकंड मालाचा टॉवेल आणि दीर्घिकेची शेपटी

लई भ्यालो की माझ्या तोंडातनं दुसऱ्याचाच आवाज निघतो. शाळेत हेडसरांनी छडी उचलली की मी त्यांच्याच आवाजात "हात पुढं कर!" म्हणायचो आणि दोन छड्या जास्तीच्या खायचो. पण त्या सकाळी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, आमचा पांढरा टॉवेल खिडकीच्या उजेडात धरला, तेव्हा माझ्या तोंडातनं कुणाचाच आवाज निघाला न्हाय.

आप्पा टॉवेलच्या कारखान्यात माल तपासतात. पट्टा दिसला की तो शेकंडात, म्हणजे खोटीच्या मालात. आमच्या घरात अंग पुसायला सगळा शेकंडच.

"ह्यो दुर्बिणीला कशाला नेला होतास?"

"तोंडावर ताणून बांधायला. पहाटंच्या उजेडात पांढरे फोटो काढतात. त्यावरनं दुर्बिणीत कुटं उजेड कमी पडतो ते कळतं, मग खऱ्या फोटोत तेवढं दुरुस्त करायचं."

"आन त्याला शेकंड?" आप्पांनी बोट ठेवलं. "हितं बाणा, आडवा दोरा, दाट पडलाय. आडवा पट्टा हाय की! म्हणून तर घरी आला."

मी टॉवेल ओढून उजेडात धरला. पट्टा होताच.

मी मोबाईल रिपेअरीच्या दुकानात काम करतो. मंद्रूपला मामाच्या शेतात जुनी दुर्बीण लावून अकरा रात्री एकाच दीर्घिकेचे फोटो काढले होते. सगळे एकावर एक रचले, तर तिच्या कडंला धुरासारखी फिकट शेपटी दिसली. फोटो आभाळ बघणाऱ्या हौशी लोकांच्या ग्रुपवर टाकला आणि पुण्याच्या एका शास्त्रज्ञ मॅडमचा फोन आला. "अरे, फारच छान आहे हं हे!" त्यांचा हा नाजूक आवाज मी दुकानात गिऱ्हाइकाला सुद्धा काढून दाखवायचो.

मॅडम म्हणाल्या होत्या, मोठ्या दुर्बिणीला एकाच जागी इतक्या रात्री कोण बसू देणार? तुमच्यासारखे हौशी बसतात, म्हणून असलं फिकट काही सापडतं. मोठ्या दीर्घिकेनं एखादी लहान दीर्घिका ओढून फाडली असंल, त्याच ताऱ्यांची ही शेपटी असंल. ते तपासायला त्या माझ्या फोटोच्या जोरावर बड्या दुर्बिणीची वेळ मागणार होत्या. अर्जाला आठवडा राहिला होता. खाली सही त्यांची.

आणि शेपटी कदाचित आमच्या टॉवेलाची. पट्ट्यामागं उजेड कमी पडला असंल आणि दुरुस्तीत तितंच उगाच वाढला असंल.

दोन दिवस मी गप्प बसलो. खोटं कशाला बोलू, कुणाला कळणार असंही मनात आलं. पण फोन वाजला की मी तो उलटा ठेवायचो. दुकानात हातातनं एक स्क्रीन पडून फुटली. मालक ओरडला, तर मी त्याच्याच आवाजात त्याला "सॉरी" म्हणलो.

तिसऱ्या दिवशी मॅडमना फोन लावला. त्यांनी उचलला आणि माझ्या तोंडातनं आलं, "अरे, फारच घोटाळा आहे हं हा!"

"कोण बोलतंय? मीच?"

मेलो! मग सगळं सांगून टाकलं, टॉवेल, पट्टा, शेकंड, सगळं.

"दुर्बिणीवरचा कॅमेरा आडवा फिरव आणि परत काढ," त्या म्हणाल्या. "दोष तुझा असेल तर तो कॅमेऱ्याबरोबर फिरेल. आभाळातलं असेल ते जागचं हलणार नाही. आणि माझा आवाज बंद."

"व्हय मॅडम."

संध्याकाळी आप्पांनी कापडाच्या दुकानातनं नवा टॉवेल आणला. आमच्या घरातला पहिला बिनपट्ट्याचा. "फष्टातला हाय. नाक पुसू नकोस."

कॅमेरा आडवा करून चार रात्री मी मामाच्या बांधावर बसलो. एरवी मी कुत्र्यासारखं भुंकून मामाच्या कुत्र्याला पिसाळवतो. ह्या वेळी ते भुंकलं तरी मी गप्प. वर ढग यायचा आणि मला वाटायचं, बरं झालं, आज कळायला नको. मग स्वतःचीच लाज वाटायची.

शेवटच्या सकाळी नवा फोटो सरळ फिरवून कॉम्प्युटरवर जुन्याशेजारी लावला आणि मी भिंतीकडं तोंड केलं.

"आप्पा, तुमीच बघा. शेपटी हाय का गेली?"

आप्पांनी चष्मा पुसला. कारखान्यात बघतात तसं वाकून, बोट फिरवत बघितलं. लई वेळ.

"लांबडं हुतं ते न्हाय आता," ते म्हणाले.

मी खाली बसलो.

"पर हे बुडाजवळचं बारकं हाय की तितंच. दोन्हीकडं सारखं."

मी वळून बघितलं. अंगठ्याच्या नखाएवढा धूर, दीर्घिकेला चिकटून. बाकीची सगळी शेपटी आमच्या टॉवेलाची होती. मॅडमना फोन केला, आणि ह्या वेळी माझाच आवाज निघाला, चिरका, कापरा.

"बारकंच हाय मॅडम. तेवढंच खरं."

"तेवढ्याचाच अर्ज करते," त्या म्हणाल्या. "दोन्ही फोटो पाठव. टॉवेलाचंही लिहून दे."

मी लिहाय बसलो. वेळ मिळाली, तर पुढचं आता बडी दुर्बीण बघणार. मागनं आप्पा म्हणाले, "फष्ट टॉवेल धुवू नकोस हं, वीण बिघडती. परत लागला तर?"