चार कांड्यांचा मान

आमच्या गल्लीतला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला माणसाचा मान कांड्यांत मोजतो. त्याच्या टेबलावर तळहाताएवढा एक कॉम्प्युटर आहे आणि त्यात पेनड्राइव्हसारख्या चार कांड्या खोचलेल्या आहेत. त्या म्हणे दिवसभर बिटकॉइन शोधतात. अजून काही सापडलेलं नाही.

आधी त्या कांड्या मोठ्या डेस्कटॉपला लावलेल्या असत. “चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला झाला होता सर! डेस्कटॉपच सारी वीज खाऊन राहिला होता. आता मसालाही चार आण्याचाच.”

“आणि कोंबडी?”

“येईल ना! काहून घाई करता?”

कांड्या फार तापतात, म्हणून त्यांच्यापुढे एक टेबलफॅन असतो. दुकानात दुसरा वारा नाही. मे महिन्यात कोणी आलं की तो पंखा थोडा त्या माणसाकडे वळवतो आणि वाऱ्याबाहेर गेलेल्या कांड्या उपसून ठेवतो. नव्या गिऱ्हाइकासाठी एक, जुन्यासाठी दोन. माझ्यासाठी कायम दोनच. त्याच्या घरमालकासाठी तीन निघालेल्या मी पाहिल्यात, तेव्हापासून मनातून जरा खट्टू आहे.

परवा त्याला सांगायला गेलो, की घर आवरलं, आता कायमचा मुलाकडे पुण्याला चाललो.

एकेक करत त्याने चारही कांड्या उपसल्या, पंखा पूर्ण माझ्याकडे वळवला आणि स्टूल पुढे सरकवलं.

“बसा सर. बिटकॉइन उद्या शोधू.”