येरमाळ्याच्या वळणावरची रेघ

आमच्या घराला जमिनीचा तुकडा नव्हता. आई-वडील रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडायचे. एक मैल झाला की बिऱ्हाड पुढच्या मैलावर. एकदा हातोडा निसटून वडलांचा अंगठा चेचला, तेव्हापासून निम्म्याहून जास्त ढीग आईच फोडायची.

निजामाचं राज्य गेलं आणि काही वर्षांनी त्याच रस्त्यावर डांबर आलं. मी मॅट्रिक झालो, त्या उन्हाळ्यात रस्त्यावर पांढरी रेघ मारणाऱ्या टोळीत लागलो. पावसाळ्यापर्यंत काम टिकलं तरच कॉलेजात नाव घालता येणार होतं.

चुन्यात बुडवलेली सुतळी दोघांनी ताणायची, मधे उचलून सोडायची. डांबरावर खूण उठली की तिच्यावरून ब्रश. पण येरमाळ्याजवळच्या वळणावर ताणलेली सुतळी वळणार कशी? "मी करतो," म्हणालो. भूमिती शिकलेलो ना. दोन्ही कडांपासून मोजून मधोमध टिंबं दिली, टिंबं जोडून रंग ओढला.

मुकादम चढावर जाऊन बघत होते. "मॅट्रिकसाहेब, हितं बैल मुतत गेला का काय?"

टोळी हसली. बैलगाड्यांनी डांबराची कड जागोजाग खाल्लेली, आणि मी तिच्यावरूनच मोजलं होतं.

"दिवस बुडायच्या आत नीट न्हाय झाली, तर उद्या येऊ नको," मुकादम म्हणाले.

रॉकेलचा बोळा घेऊन मी रेघ पुसायला बसलो. गुडघे भाजत होते, पण उठलो नाही. सगळी पुसून झाल्यावर टोळीतल्या जुन्या रंगाऱ्याकडं, कळंबच्या चाचांकडं गेलो. "चाचा, तुम्ही वळणावर कसं करता?"

"आत्ता विचारतोस व्हय? मला वाटलं, पुस्तकात असंल."

त्यांनी सुतळी सैल टाकली, तिच्या कडेनं हाता-हातावर खडे ठेवले. "चढावर जा. कड बघू नको, सगळं वळण बघ. कुठं डोळ्याला टोचतं, सांग."

मी वरून ओरडायचो, चाचा खडा सरकवायचे. चार बोटं आत, दोन बोटं बाहेर. कुठंच टोचेना, तेव्हा ब्रश हातात घेतला.

ऊन कलल्यावर मुकादम पुन्हा चढावर गेले. बराच वेळ बघितलं. "उद्याच्या वळणाला सुतळी तूच टाक," एवढंच म्हणाले.

पावसाळ्यापर्यंत मी टोळीत राहिलो. जूनमध्ये कॉलेजात नाव घातलं आणि पुढं बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी.