लूमशेजारचा आवाज

खटक्-खट, खटक्-खट! कामतघरच्या आमच्या गल्लीत पहाट अशीच उगवत असे. जमीन किंचित थरथरे, फळीवरच्या पेल्यांतलं पाणी शहारे, हवेत सुताची मऊ धूळ तरंगत राही आणि त्या अखंड लयीवर आवाज चढवूनच आम्ही माणसं एकमेकांशी बोलत असू. लाडसुद्धा ओरडूनच करायचे! बाहेरगावच्या पाहुण्याला वाटे, इथे घरोघर भांडणं जुंपली आहेत.

हे लूम, म्हणजे कापड विणणारे यंत्रमाग, आमच्या खोल्यांच्या खालीच. मालक सलीमभाई आमचे शेजारी आणि सायमा त्यांची थोरली लेक. मी शाळेतून निवृत्त झालेली बाई, म्हणून कॉलेजात गेल्यापासून दरवर्षी तिचा रेझ्युमे तपासायचं काम माझ्याकडे येई. पहिल्या वर्षीचा आठवला की अजून हसू येतं. वर नक्षीदार अक्षरांत ‘बायोडेटा’, मग वडिलांचं नाव, उंची, अविवाहित असल्याची ग्वाही आणि खाली छंदांची रेलचेल: मेंदी, वाचन, चांदणं बघणं. हा नोकरीचा अर्ज की लग्नाचं स्थळ? पण त्या कागदावर एक अख्खी मुलगी होती, हेही तितकंच खरं. दुसऱ्या वर्षी अकाउंटिंगचा कोर्स आला, शिबिराचं प्रमाणपत्र आलं आणि मेंदी गेली. तिसऱ्या वर्षी चांदणंही मावळलं. त्या जागी ‘उत्तम संवादकौशल्य’, ‘दबावाखाली काम करण्याची क्षमता’ अशी परीटघडीची वाक्यं येऊन बसली. मोठं होता होता माणूस स्वतःतलं काय काय खोडत जातो! आणि खोडताना त्याला वाटत असतं, आपण घडतो आहोत.

त्याच वर्षी सलीमभाईंनी लूम भंगारात काढले. घराची सारी भिस्त सायमाच्या नोकरीवर आली. गल्ली अशी निःशब्द झाली, की आम्हाला आमचेच आवाज परके वाटू लागले.

एका कंपनीने तिची फोनवर मुलाखत घेतली. पलीकडच्या बाईंनी थोड्याच वेळात सुनावलं, ओरडू नका, कसं बोलायचं तेही कळत नाही तुम्हाला. सायमा जिन्यात बसून रडली. “मी ओरडत न्हाय हो टीचर, माझा आवाजच असा हाय. आता हा पण खोडायचा?” मी तिला जवळ घेतलं.

पुढे वळ गावच्या एका गोदामातून बोलावणं आलं. निघण्याआधी तिने कागद माझ्यापुढे धरला. संवादकौशल्याची ओळ गेली होती आणि तिथे साध्या शब्दांत लिहिलं होतं, की मी लूमशेजारी वाढले, म्हणून मोठ्याने बोलते. असं कुणी रेझ्युमेत लिहितं का? काढून टाक, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण तिचा चेहरा पाहिला आणि कागद तसाच परत दिला.

दुपार कलता कलता जिन्याच्या तळापासूनच हाक आली, “टीचर! झालं! सोमवारपासून ड्युटी!”

ती ओळ वाचून साहेब म्हणे हसले. मग तिला ट्रक लागतात तिथे घेऊन गेले आणि पार टोकाला उभ्या असलेल्या ड्रायव्हरला बोलवा म्हणाले. “एका हाकेत आला, टीचर! दुसरे पण वळून बघायला लागले!” धापा टाकत, हसत, डोळे पुसत ती सांगत होती. सलीमभाई रिकाम्या शेडमधून बाहेर आले. त्यांना काही सांगावंच लागलं नाही. बाहीने डोळे पुसत ते तिथूनच गरजले, “माशाल्ला, बेटा!”

“चहा टाकते, वर या सगळे!” मीही कठड्यावरून ओरडले. जमीन थरथरत नव्हती, फळीवरच्या पेल्यांतलं पाणी निश्चल होतं. हळू बोललं असतं तरी सगळ्यांना ऐकू गेलं असतं. पण इतक्या वर्षांत हळू बोलायला आमच्यात शिकलंय कोण?