अण्णांचा पांढरा रंग

"दिसतंय का, गुरुजी?" हनुवटीनं बंपरकडे खूण करत अण्णा विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आतच रस्त्याकडे बघायचे, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

अण्णा म्हणजे जामखेडला आमच्या गल्लीत राहणारे माझे शेजारी. उभा जन्म एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, जो लग्नाला गेला तरी आधी मांडवाबाहेरच्या गाड्या कशा लावल्यात ते बघतो आणि मगच नवरानवरीकडे वळतो. मी शाळामास्तर. त्यांच्या लेखी मला गाडीतलं काही कळत नव्हतं, आणि ते खरंच होतं.

त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या मावशींना, किडनीचा आजार. डायलिसिसला सारखं नगरला जावं लागे आणि बसचे धक्के त्यांना सोसत नसत. म्हणून पुण्याच्या मुलानं पांढरी गाडी घेऊन दिली. पण अण्णांनी एकदा आरसा मोडून घेतल्यावर त्यानं बजावलं होतं, "आता एक जरी ओरखडा दिसला ना अण्णा, तर किल्ली मी घेऊन जाणार." तेव्हापासून अण्णा रोज सकाळी देवाच्या आधी गाडीला प्रदक्षिणा घालत.

त्या दिवशी मावशी घरात आवरत होत्या. अण्णा एकटेच गाडी मागे घेत होते आणि धाडकन आवाज आला. मी धावत गेलो. फाटकाचा खांब जागेवर होता, बंपर मात्र आत गेला होता आणि रंगाचा मोठा टवका उडाला होता. मुलगा रविवारी येणार होता.

"गॅरेजला न्या की," मी म्हणालो.

"येडे का काय तुमी! गॅरेजवाला पोराच्या वर्गातला हाय. गाडी आत जायच्या आधी पुण्याला फोन जाईल."

मग घरीच उद्योग सुरू झाला. बंबातलं कढत पाणी बंपरवर ओतून त्यांनी आतून असा रेटा दिला की खळगा टप् करून बाहेर आला. अण्णा पोरासारखे हसले. खड्डे बुजवायला लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, लेप दिला, तो वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासला. घासताना ते बघायचे कमी आणि तळवा फिरवायचे जास्त. मला ते कसब वाटलं. वाऱ्यानं धूळ बसू नये म्हणून मावशींचं जुनं लुगडं बांधून आडोसा केला होता. गल्लीत जो भेटेल त्याला "दिसतंय का?" आणि प्रत्येकाचं उत्तर, "छे हो अण्णा, काही नाही."

शुक्रवारी शाळेतून आलो तर रंग मारून झाला होता.

"दोन हात मारले. आता कंपनीवालाबी वळखायचा न्हाई. दिसतंय का कुठं?"

गाडी पांढरी शुभ्र होती आणि बंपर सायीसारखा पिवळसर. मी खाली पडलेला स्प्रेचा डबा उचलला.

"अण्णा, हा पांढरा नाही. क्रीम आहे."

"थट्टा करता व्हय म्हाताऱ्याची?"

मी डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी डबा डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. उन्हात नेला. एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा झाकून. मग वाकून तो बंपरला लावून बघितला, मग पांढऱ्या दाराला.

"मला तर समदं एकच दिसतंय, गुरुजी."

ते पायरीवर बसले. "दुकानदारानं चुकीचा डबा दिला असेल," मी म्हणालो.

"ह्याच डोळ्यानं मी तिला नगरला नेत हुतो," ते म्हणाले. बंपर आता त्यांच्या खिजगणतीतही नव्हता.

त्यांनी माझ्यासमोरच मुलाला फोन लावला. "रविवारी येशील तवा किल्ली घिऊन जा," एवढंच बोलले आणि ठेवला. मग मला म्हणाले, "उद्या तिची बारी हाय. तुमाला येती न्हवं गाडी?"

येत होती, म्हणजे घर ते शाळा.

पुढे मुलानं दोघांनाही पुण्याला नेलं. मोतीबिंदूचं ऑपरेशनही झालं म्हणे. घराला आता कुलूप आहे. पण अण्णांची आठवण आली की मला तो शनिवारच आठवतो.

स्टिअरिंगवर मी. शेजारी अण्णा मान खाली घालून बसलेले, मागे मावशी. गाव सुटलं तसा मागून हळू आवाज यायला लागला.

"पुढं स्पीडब्रेकर हाय."

मी वेग कमी केला.

"डाव्या अंगाला म्हैस हाय. उसाचा ट्रक येतोय, जाऊ द्या त्याला."

माझ्या चालवण्यावर विश्वास नाही, असं वाटून मला जरा रागच आला. मी आरशात बघितलं. मावशी माझ्याशी बोलतच नव्हत्या. पुढे वाकून, अण्णांच्या खांद्याशी तोंड नेऊन, रस्त्यावरची नजर न हलवता त्या सांगत होत्या. आणि दर वेळी अण्णा मान डोलावत होते.

अण्णा चालवत असताना हे असं किती दिवस चाललं होतं, कोण जाणे.

अण्णांनी मागे न बघता सीटच्या बाजूनं हात मागे नेला. मावशींनी तो धरला.

"पुढं वळण हाय," त्या म्हणाल्या.