अंकाचं शेवटचं पान

गोखिवऱ्यात मिक्सर दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, मूळचे पाचूबंदरचे कोळी. मोटार उघडली की आधी तिच्याशीच बोलतात, "काय गो, पानी प्यायलीस?" गिऱ्हाइकाकडे नंतर बघतात.

एकदा त्यांच्या खणात सुपरहिरोंच्या टोळीचं जुनं कॉमिक दिसलं, अगदी सुरुवातीच्या अंकांपैकी. लहानपणी मीही ते वाचलं होतं. मग काय, मिक्सर राहिला बाजूला! पाचही वीरांचे आवाज त्यांनी काढून दाखवले. पाण्याखाली लढणारी नायिका तर पक्की कोळीण वाटली.

"पन शेवटचं पानच नाय," ते हळहळले.

माझा अंक शाबूत होता. दुसऱ्या दिवशी नेला. त्यांनी साबणाने हात धुतले आणि उभ्यानेच शेवटचं पान वाचलं. नायिका समुद्राच्या तळाशी अडकते आणि बाकीचे चौघे तिला सोडून परततात.

"असं कोनी करीत नाय," ते म्हणाले. "आमची बोट मानूस टाकून बंदरात येत नाय. माझ्या पोरीला मी सांगत आलो, चौघं मागं फिरली, तिला घेऊनच आली. पोरीला खरं बोलू नका हां."

पोरगी आता नर्स आहे. गेल्या महिन्यात ती दुकानात भेटली.

"काका, तुमच्याकडे पूर्ण अंक आहे ना? शेवटी काय होतं?"

"चौघं मागे फिरतात," मी म्हणालो. "तिला घेऊनच येतात."

"बघ, मी बोललेलो!" असं म्हणत ते माझ्याकडे न बघता चहा सांगायला उठले.