तुकियेम, एवढंच नाव

एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या बाईला घरी स्वस्थ बसा म्हणणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. सालातिगा गावच्या तुकियेमनं निवृत्त झाल्याच्या पहिल्या महिन्यातच शेजारच्या लग्नाची पत्रिका, खोकल्याच्या औषधाचा कागद आणि गल्लीच्या साफसफाईची नोटीस लाल पेनानं रंगवून ठेवली. नवरा कार्तो आपले होले पक्षी पाळण्यात दंग असायचा, पण त्यानंही हात टेकले.

मुलगी लास्त्री घरात बसूनच संगणकाचं काम करायची. एका सकाळी ती कर्नलची माहितीपुस्तिका वाचत होती. कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी, त्याच्यावाचून तिथं पान हलत नाही. पुस्तिका जगभरच्या लोकांनी हौसेनं लिहिलेली, कुणीही चूक दाखवावी. तुकियेम चहा घेऊन मागे उभी राहिली आणि सवयीनं वाचू लागली. शाळेची इंग्रजी पुस्तकं तपासून तिचं इंग्रजी मुरलेलं होतं.

"काय गं नदुक, कुलूप धरून झोपा असं का सांगतायत?" तिनं विचारलं. नदुक म्हणजे तिकडचं 'पोरी'.

लास्त्रीनं ते वाक्य पुन्हा वाचलं. इथं कुलूप म्हणजे प्रोग्रॅमनं एखादी गोष्ट अडवून धरणं. ती धरून प्रोग्रॅम झोपला की अख्खं यंत्र ठप्प. वाक्यातला 'नका' कधीतरी गळून पडला होता, आणि शिकलेसवरलेले लोक वर्षानुवर्षं त्यावरून नजर फिरवून पुढे जात होते. लास्त्रीनं स्वतः ते पान पन्नासदा वाचलं होतं. मग आईनं चहा संपेपर्यंत तिला टोमणे मारणं सोडलं नाही, हे सांगायला नकोच.

दुरुस्ती पाठवायची तर खाली स्वतःचं नाव घालावं लागतं आणि ते कायमचं राहतं, असं लास्त्री सहज बोलून गेली. तुकियेम खुर्ची ओढून बसली. एकतीस वर्षांत तिनं शेकडो पुस्तकं सावरली. त्यांवर लेखकाचं नाव, चित्रकाराचं नाव, बांधणी करणाऱ्याचंसुद्धा. तपासणारीचं कुठेच नाही. गल्लीत तर ती 'बू कार्तो', म्हणजे कार्तोची बायको. तिला ते नाव तिथं हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. दुरुस्ती गेली, खाली सही: तुकियेम.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. पुस्तिकेची देखरेख करणारा ओस्मुंड नावाचा गृहस्थ लिहीत होता की चूक फार मोलाची सापडली, पण नियमाप्रमाणे नाव आणि आडनाव दोन्ही द्यावं, टोपणनाव चालत नाही.

तुकियेमला आडनाव नव्हतंच; त्यांच्याकडे जुन्या माणसांना नुसतं एक नाव असतं. लास्त्री म्हणाली, अशांचं विमानाच्या तिकिटावर दोनदा घालतात तसं तुकियेम तुकियेम घालू. कार्तो म्हणाला माझं नाव जोड, आणि नाव बदललं की गल्लीला लाल-पांढरी खीर घालावी लागते, त्याला मी एका पायावर तयार आहे. सगळे हसले, तुकियेमही हसली. मग म्हणाली, "बापानं एक दिलं, ते मला साठ वर्षं पुरलं. दुसरं चिकटवलं तर दुरुस्ती खरी आणि सही खोटी."

"मग नाही घेणार ते लोक, इबू. तुम्हीच बघा," लास्त्री आईला म्हणाली.

दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं. कार्तोनं मुकाट्यानं खाल्लं, शहाणा माणूस. तिसऱ्या दिवशी तुकियेमनं विचारलं, हा नियम लिहिलाय कुठं? त्याच पुस्तिकेत, लास्त्री म्हणाली.

"मग काढ ते पान. तिथंच चुकलंय."

आणि तिनं नियमच दुरुस्त केला! 'नाव आणि आडनाव' काढून लिहिलं: 'माणसाचं जे नाव असेल ते, जितक्या शब्दांचं असेल तितकं.' खाली कारण दिलं: 'आमच्या गल्लीत बावीस घरं आहेत. सतरा घरांतल्या म्हाताऱ्यांना आडनाव नाही, प्रत्येकाचं नुसतं एका शब्दाचं नाव आहे. सगळी माणसं खरी आहेत.' सही: तुकियेम.

आठ दिवस तिकडे सामसूम. बाईसाहेब दर तासाला लास्त्रीच्या खोलीत काहीतरी शोधायला जायच्या. मग ओस्मुंडचं उत्तर आलं: 'नियम लिहिताना आम्ही आमच्याच गावाकडे पाहिलं. दोन्ही दुरुस्त्या घेतल्या आहेत.' तुकियेमनं पडद्यावरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं आणि लास्त्री नको नको म्हणत असताना ते तसंच ठेवून बसली. कार्तो तर होल्यांना सोडून शेजाऱ्यांना सांगत सुटला.

त्या पत्राखाली आणखी एक पत्र होतं, मंडालेहून: 'मी अकरा वर्षं या पुस्तिकेचं काम करतो. पहिल्या दिवशी तो नियम वाचला आणि एक आडनाव बनवून लावलं. आज ते काढलं.' सही: थिहा.

तुकियेमनं ते दोनदा वाचलं. डोळे भरून आले, आणि तोंडभर हसूही आलं. पदर नव्हता म्हणून तिनं लास्त्रीच्याच बाहीला डोळे पुसले.

"लिही त्याला," ती म्हणाली. "म्हणावं, नाव छान आहे. कुणी ठेवलं?"