ताईची साक्ष

बोईसरच्या एका औषध कारखान्यात मी परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं बघते. पावडरचे ड्रम कुठल्या देशात कशाच्या आधारावर शिरतात, हे मला पाठ आहे. त्यामुळे चिंचणीला माझ्या माहेरी सगळ्यांचा पक्का समज, की परदेशातलं काहीही अडलं की हिला विचारायचं. माझ्या थोरल्या बहिणीच्या एकुलत्या एका मुलाने जहाजावरची नोकरी सोडून युरोपातल्या एका थंड देशात आश्रय मागितला, तेव्हा तिचा फोन आला. "बाय, तुला यातलं कलतं ना?" मला काडीचंही कळत नव्हतं. मी हो म्हटलं.

भाच्याने बोईसरला कामाला असताना एका मुलीशी नोंदणी लग्न केलं होतं. तिचे भाऊ घाटावरून इथे कारखान्यात कामाला आलेले. आपली बहीण मासे विकणाऱ्यांच्या घरात गेली, हे त्यांना सोसलं नाही. ते तिला उचलून गावी घेऊन गेले आणि तिचा फोन बंद झाला. भाच्याने फारकत द्यावी म्हणून आधी धमक्या आल्या. मग एका संध्याकाळी त्यांनी त्याला रस्त्यात गाठून सळईने मारलं. उजवा हात मोडला. तो नाशिकला जाऊन राहिला, तर तिथेही त्याचा माग काढला. पुढच्या वेळी हातावर थांबणार नाही, असं सांगून गेले. एवढं झाल्यावर मिळेल त्या जहाजावर नोकरी धरून तो निघून गेला. हे सगळं मुद्दाम सांगते, कारण परदेशात आश्रय मागितला म्हटलं की आपल्याकडे लोक एकमेकांकडे बघून हसतात.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडून ऑफिसच्या संगणकासमोर बसायचे. निर्वासितांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार, त्या देशाचे नियम, तिथल्या कोर्टांचे निकाल, जे सापडेल ते वाचायचे. मधेच सल्लागारांच्या जाहिराती उड्या मारायच्या. जो तो मला मदत करायला टपलेला. पुढे पुढे तर मला लोकरीचे कोट आणि मोठाल्या बॅगा दिसायला लागल्या. मला पालघरपर्यंत जायचाही कंटाळा, मी कुठली कोट घेतेय.

वाचून वाचून एवढं कळलं, की नुसती भीती असून भागत नाही. तिला सबळ आधार लागतो, आणि ती माणसाने स्वतः, स्पष्ट शब्दांत सांगावी लागते. शिवाय आपल्याच देशात दुसऱ्या गावी जाऊन का राहिला नाहीस, याचंही उत्तर द्यावं लागतं. हे वाचून माझं डोकं फिरलं. नकाशावर बोट ठेवून देश मोठा म्हणणं सोपं आहे. ज्याच्या मागे माणसं लागलीत त्याने नाशिक करून बघितलं होतं. मग मी इतरांचे निकाल वाचत राहायचे. त्यात माणसांच्या नावांच्या जागी नुसती अक्षरं असतात. एकाची भीती मान्य, दुसऱ्याची अमान्य. डब्यातली भाजी तशीच राहायची.

भाच्याला तिकडे एक वकीलबाई मिळाली होती. तिच्याशी मीच इंग्रजीत बोलायचे. ती म्हणाली, हॉस्पिटलच्या कागदावर मोटारसायकलवरून पडला असं लिहिलंय, मग मारहाण झाली हे कोण मानणार? आता आईचीच साक्ष महत्त्वाची. हात मोडलेला मुलगा पहिल्यांदा तिनेच पाहिला होता. पण पडला असं डॉक्टरांना सांगणारीही तीच होती.

आमच्या किनाऱ्यावर माणूस पाण्यावर असेपर्यंत त्याच्याबद्दल वाईट बोलत नाहीत. होडी गेली म्हणायचं नाही, येईल म्हणायचं. वारा कितीही वाढो, घरातली बाई भीतीचं नाव तोंडातून काढत नाही. ताईने एकदाच काढलं होतं. भाचा पाळण्यात होता तेव्हाची गोष्ट. एका पहाटे ती भावोजींना म्हणाली, आज नका जाव, मला भ्या वाटतं. भावोजी हसले, गेले, आणि परत आले नाहीत. दुखवट्याला आलेल्या बायकांनी तिला ऐकवलं, तू बोललीस म्हणून झालं. त्या बायकांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ताईला मात्र ते पटलं. तेव्हापासून तिने कशाचीच भीती बोलून दाखवली नाही. पोराला रक्तबंबाळ आणलं तेव्हाही ती सगळ्यांना पडला, पडला, असंच सांगत राहिली.

दर रविवारी मी चिंचणीला जाऊन तिला समजावत होते. ती अंगणात बोंबील वाळत घालायची आणि मी मागे मागे फिरत बोलायचे. यावेळी बोलावंच लागेल, ताई. तिथे न बोलणाऱ्याला भीती नाही असं धरतात. ती मान हलवायची. भाच्याचा फोन आला की शेवटी नेहमीसारखं म्हणायची, "ये रे बाला." बायका समुद्रावर निघालेल्या माणसाला म्हणतात, तसंच.

साक्ष तिच्याच घरी, फोनवर झाली. पडद्यावर तिकडचा अधिकारी, वकीलबाई आणि अगदी पुस्तकी मराठी बोलणारा दुभाषा. मला खोलीत बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती. ताईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. दुभाष्याने विचारलं, तुमच्या मुलाला मायदेशी परतल्यास कोणाकडून धोका आहे काय?

ताईने पदर सारखा केला. "माज्या पोराला कसला धोका? आख्खा गाव त्याचा हाय. तो सुखरूप येल."

हाताचं विचारलं, तर गाडीवरून पडला म्हणाली. वकीलबाईने प्रश्न फिरवून विचारला, पुन्हा तेच. फोन बंद झाल्यावर मी चहाही न घेता निघाले. बोईसर येईपर्यंत रिक्षात रडत होते आणि मनात तिला नको नको ते बोलत होते.

अर्ज नामंजूर झाला. निकालात तिचं वाक्य इंग्रजीत जसंच्या तसं होतं. साक्ष बदलता येते का, हेही मी शोधलं. येते, पण नंतरच्या बोलण्यावर संशय घेतात. अपिलही फेटाळलं गेलं. त्याला परत पाठवणार हे ठरलं, कधी एवढंच ठरायचं राहिलं होतं.

ताईला सांगायला मी गेले तेव्हा भांडायची तयारी करूनच गेले होते. आधी निकालातलं तिचं वाक्य तिला मराठीत वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी त्याच्यासाठीच बोलले गं." मला ते माहीत होतं. म्हणून तर भांडता येईना.

तेवढ्यात त्याचा फोन आला. त्याने आईला दोष दिला नाही. यंदा बोंबील कसे आहेत ते विचारलं, गुडघे दुखतात का विचारलं. मग म्हणाला, "आई, मी येतो आता."

इतकी वर्षं ती त्याला ये म्हणत आली होती. तिने फोन दोन्ही हातांनी धरला. "येव नको बाला," ती म्हणाली. "ते मारतील तुला. तुजा हात त्यांनीच मोडला. मला भ्या वाटतं."

कायद्याला जे हवं होतं ते सगळं त्यात होतं. ऐकायला आम्ही दोघंच होतो, तो तिकडे आणि मी इथे. त्याने फोन ठेवला. ताईने तोंडावर हात दाबून धरला होता. तो काढला तेव्हा ती माझ्याकडे बघत होती, जसं काही यातलं मला सगळं कळतं.

"बाय, मी बोलले," ती म्हणाली. "आता त्याचं काय व्हनार?"